शनिवारचा बदली

उद्यमनगरात, ऑइल इंजिनांच्या कारखान्यात
हजेरीपटावर दोघं लागून होते :
याकोब आवळे, एलोजी आवासकर.
हा शेजार बाराखडीनं दिलेला.
"हजेरीत नंबर तुझा आधी,
चोपडीत आमचा,"
एलोजीकाका म्हणायचा,
आणि आबा लेथवरचा लोखंडाचा कीस झाडत हसायचे.

सुट्टी सोमवारची, अख्ख्या उद्यमनगराची.
म्हणून एकाला शनिवार जड, दुसऱ्याला रविवार.
फोरमन निगवेकरांनी तोडगा काढला :
शनिवारी काकाच्या मशीनवर आबा,
रविवारी आबांच्या मशीनवर काका.
एकोणीस वर्षं.
देवानं विश्रांती घेतली एकच दिवस,
ह्या दोघांनी ती दोन दिवस पुरवली.

काकाचे पणजे अलिबागेकडं तेल गाळायचे.
शनिवारी घाणा बंद,
बैलसुद्धा मोकळा.
"आता इंजिनं, ती पण तेलाचीच. सुटतंय कुठं?"
एकदा डबा खाताना आबांनी विचारलं,
ख्रिस्त ह्या शब्दाचा अर्थ काय रे तुमच्यात?
काकानं चिंधीला बोटं पुसली, एकेक करून.
"मशीहा. डोक्यावर तेल ओतून नेमलेला.
म्हणजे गिऱ्हाईक आमचंच की रं."

शुभ शुक्रवारी देवळात गर्दी, बाहेर ऊन रणरणतं.
मी सात वर्षांची, आबांच्या मांडीला टेकलेली.
पाळकसाहेब वाचत होते, आवाज चढवून,
खांबावरची शेवटची हाक :
एलोई, एलोई...
मी मोठ्यानं विचारलं,
"आबा, ते एलोजीकाकाला का बोलावतायत?"
मागच्या बाकावर खसखस पिकली.
आईनं चिमटा काढला.
आबा वाकले, माझ्या कानाशी म्हणाले,
"तिथं उभ्या असलेल्यांनाही असंच काहीसं वाटलेलं."

मग उपदेश सुरू झाला.
कुणी मारलं, कुणी धरून दिलं,
एका अख्ख्या जातीचं नाव
पुन्हा पुन्हा, बोट रोखून.
आबा उठले.
तंट्याबिंट्यासाठी नाही. नुसते उठले,
आणि शेवटपर्यंत उभेच राहिले, टोपी हातात,
जसं कुणाच्या घरी मयतीला जाऊन उभं राहावं.
घरी येताना एवढंच म्हणाले,
"मारणारेही घरचे, रडणारेही घरचे,
आणि मेला तोही त्याच घरचा.
आपण आलो फार उशिरा, पाहुण्यासारखे.
पाहुण्यानं घरधन्याला शिव्या घालू नयेत."

नाताळाला काका यायचा.
कोंबडा स्वतः कापायचा, सुरी नखावर पारखून,
ओठांत पुटपुटत, एका दमात.
आई पांढऱ्या रश्शाचं पातेलं उतरवी,
तो उंबऱ्यातूनच विचारायचा, "वहिनी, दही नाही ना?"
"नारळाचं दूध आहे, भावजी. निव्वळ."
मग मांडी घालून बसायचा,
रस्सा वाटीनं प्यायचा, तीनदा.

बहात्तर साली तो गेला. लोदला, मुलाकडं.
हजेरीपटावर आवळेनंतर
एकदम इंगवले आला.
शनिवार आता आबांचा, रविवारही आबांचाच.
बदलायला कोणी उरलं नाही.
मग आबा रविवारी पहाटे चारला उठत,
रंकाळ्यावरचं धुकं अंगावर घेत
सायकलनं देवळापाशी जात,
कुलूपबंद दारासमोर पायरीवर
खिशातला भाकरीचा तुकडा मोडत,
आणि सातच्या भोंग्याला मशीनवर हजर.
"पहिल्या मंडळीचं असंच होतं," म्हणत.
"त्यांना कुठली रविवारची सुट्टी?
शनिवारी सभास्थानात, वडिलांच्या रांगेत,
दुसऱ्या दिवशी अंधारातच भाकर मोडायची,
आणि उजाडलं की कामावर."

आबा गेले त्याला तीस वर्षं झाली.
काकाचं शेवटचं पत्र मराठीत होतं.
मोडीसारखं गिचमिड, वर निळं विमान छापलेलं.
त्यात विचारलं होतं,
शनिवारी माझ्या मशीनवर कोण असतं आता?

परवा सून पातेल्यापाशी उभी,
हातात दह्याची वाटी.
"सगळे घालतात, आई. दाट होतो."
मी वाटी बाजूला ठेवली.
"आपल्यात नाही घालत."
"का पण?"
नारळ पिळून हात दुखत होते.
मी म्हटलं, "पहिल्यापासून नाही घालत."